मानसिक आरोग्यसेवा, ग्रामीण

मनोविकारांचे निदान, औषधोपचार, समुपदेशन आणि दीर्घकालीन पाठपुरावा ही कामे केवळ मनोरुग्णालयांवर न सोपविता गावपातळीवरील सर्वसाधारण आरोग्ययंत्रणेच्या नित्य कामाचा भाग बनविणे, यास मानसिक आरोग्यसेवेचे प्राथमिक आरोग्यसेवेशी एकीकरण म्हणतात. क्षय, हिवताप वा प्रसूतिपूर्व तपासणी यांची दखल प्राथमिक आरोग्य केंद्रात ज्या सहजतेने घेतली जाते, त्याच सहजतेने अवसाद, छिन्नमानस किंवा दारूचे व्यसन यांची घेतली जावी, अशी ही कल्पना आहे. शहरातील मनोविकारतज्ज्ञाने महिन्यातून एकदा गावात येऊन रुग्ण तपासणे उपयुक्त असले, तरी त्यास एकीकरण म्हणता येत नाही. ते शिबिर होय. तज्ज्ञ परत गेल्यानंतरच्या एकोणतीस दिवसांत रुग्णाला औषध कोण देतो, तो आला नाही तर त्याच्या घरी कोण जाते आणि औषधाने हात थरथरू लागले तर तो कोणाला विचारतो, या प्रश्नांच्या उत्तरांवरून एकीकरण झाले की नाही हे ठरते. प्रस्तुत नोंदीत या व्यवस्थेचा इतिहास व तिच्यातील अडचणी यांचा विचार विदर्भाच्या पश्चिम टोकाकडील बुलढाणा जिल्ह्याच्या अनुषंगाने केला आहे.

गरज : बंगळूर येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेने (निमहान्स) २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात महाराष्ट्राचा समावेश नव्हता. त्यामुळे त्यातील आकडे राज्याला केवळ अंदाजापुरतेच लावता येतात. या सर्वेक्षणात १८ वर्षांवरील व्यक्तींपैकी १०.६ टक्के व्यक्तींना त्या वेळी कोणता ना कोणता मनोविकार असल्याचे, ०.८ टक्का व्यक्तींना तीव्र स्वरूपाचा मनोविकार असल्याचे व २.७ टक्के व्यक्तींना अवसाद असल्याचे आढळले. उपचारांपासून वंचित राहिलेल्यांचे प्रमाण विकारपरत्वे ७० ते ९२ टक्के होते. सपाटीच्या प्रदेशात एका प्राथमिक आरोग्य केंद्राखाली ३०,००० लोकसंख्या असावी, असा शासकीय निकष आहे. त्यांत सु. २०,००० प्रौढ धरले, तर वरील प्रमाणांनुसार एका केंद्राच्या क्षेत्रात तीव्र मनोविकाराचे सु. १६० व अवसादाचे सु. ५४० रुग्ण असणार. भारतात लाख लोकसंख्येमागे एकही मनोविकारतज्ज्ञ पूर्णांशाने वाट्यास येत नाही (सु. ०.७५) आणि जे आहेत ते बहुतांशी मोठ्या शहरांत एकवटले आहेत. या परिस्थितीत प्रत्येक रुग्णास तज्ज्ञाकडे पाठविण्याची योजना कागदावरही पुरी होऊ शकत नाही.

हे रुग्ण आरोग्य केंद्रात येत नाहीत असेही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने कोलंबिया, भारत, सूदान व फिलिपीन्स या चार देशांत झालेल्या व १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत प्राथमिक केंद्रात आलेल्या १,६२४ रुग्णांपैकी १३.९ टक्के रुग्णांना मनोविकार असल्याचे दिसून आले. त्यांपैकी सु. एकतृतीयांशच रुग्ण तेथील आरोग्यकर्मींना ओळखता आले होते. यामागील कारण ग्रामीण दवाखान्याशी परिचय असलेल्या कोणासही उमगेल. अवसादाचा रुग्ण आपण दुःखी असल्याचे सांगत नाही. छातीत धडधडते, हातापायांना मुंग्या येतात, जेवण जात नाही, झोप लागत नाही, डोके जड झाले आहे, अशी त्याची तक्रार असते. स्त्रियांच्या बाबतीत अंगावरून पांढरे जाणे व त्यामुळे आलेला अशक्तपणा ही नेहमीची तक्रार असते. गोव्यात झालेल्या अभ्यासांत या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा अवसाद-चिंता यांच्याशी अधिक निकटचा असल्याचे दिसले आहे. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात अशा रुग्णास जीवनसत्त्वाच्या गोळ्या, एखादे इंजेक्शन किंवा सलाईन मिळते. त्याला तात्पुरते बरे वाटते आणि पंधरवड्याने तो पुन्हा येतो. या येरझारांत जाणारा पैसा व मजुरीचे बुडालेले दिवस कोणत्याही अंदाजपत्रकात नोंदले जात नाहीत.

पूर्वपीठिका : ब्रिटिश अंमलात मनोरुग्णांसाठी झालेली व्यवस्था मुख्यत्वे बंदिस्त आश्रयस्थानांची होती. नागपूर येथील मनोरुग्णालय १८६४ मध्ये स्थापन झाले. ठाणे, येरवडा (पुणे) व रत्नागिरी येथील मनोरुग्णालयांसह ते राज्याच्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक असून त्याची मान्य खाटांची संख्या ९४० आहे. बुलढाणा जिल्हा त्याच्याच कार्यक्षेत्रात येतो. परंतु बुलढाणा ते नागपूर हे अंतर सु. ३५० किमी. आहे. १९१२ च्या वेडेपणाविषयक अधिनियमाने रुग्णास दाखल करण्याची पद्धत न्यायदंडाधिकारी व पोलीस यांच्याशी जोडली. त्यामुळे मनोरुग्णालय म्हणजे तुरुंगाचाच एक प्रकार, हा लोकसमज दृढ झाला. भोर समितीने १९४६ च्या आपल्या अहवालात देशातील मनोरुग्णालयीन खाटांचे प्रमाण सु. ४०,००० लोकांमागे एक, तर इंग्लंडमध्ये ते सु. ३०० लोकांमागे एक असल्याचे नमूद केले होते. खाटा वाढवून ही तफावत भरून काढणे अशक्य आहे, हे स्वातंत्र्योत्तर काळातील पहिल्या दोनतीन दशकांत स्पष्ट झाले. [→ मनोरुग्णालय].

या विचाराला वळण देण्यास औषधे कारणीभूत झाली. १९५० नंतरच्या दशकात क्लोरप्रोमाझिनासारखी छिन्नमानसावरील औषधे व त्यापाठोपाठ अवसादरोधक औषधे उपलब्ध झाल्यावर बहुसंख्य रुग्णांवर घरीच उपचार करणे शक्य झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने विकसनशील देशांत मानसिक आरोग्यसेवा सर्वसाधारण आरोग्यसेवेतूनच द्यावी, अशी शिफारस १९७४ मध्ये केली. त्यानंतर लगेचच भारतात दोन ठिकाणी प्रयोग सुरू झाले. चंडीगढ येथील स्नातकोत्तर वैद्यकीय संस्थेने हरयाणातील रायपूर राणी या विकासगटात आणि बंगळूरच्या संस्थेने जवळच्या साकलवारा येथे, आरोग्यसेविका व प्राथमिक केंद्राचे डॉक्टर यांना मोजक्या विकारांची लक्षणे व मोजकी औषधे शिकविली. अल्पशिक्षित ग्रामीण आरोग्यकर्मी छिन्नमानस व अपस्मार यांचे रुग्ण ओळखू शकतो आणि त्यांचा पाठपुरावा करू शकतो, हे या प्रयोगांनी दाखवून दिले. १९७८ च्या आल्मा-आता परिषदेच्या जाहीरनाम्याने प्राथमिक आरोग्यसेवेस जे स्थान दिले, त्यामुळे या प्रयोगांना पाठबळ मिळाले.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम भारताने ऑगस्ट १९८२ मध्ये स्वीकारला. असा कार्यक्रम आखणाऱ्या विकसनशील देशांत भारत अग्रभागी होता. तथापि प्रारंभी त्यासाठी पुरेशी आर्थिक तरतूद झाली नाही. एका विकासगटाऐवजी संपूर्ण जिल्हा हा घटक धरून पाहण्याचे काम कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्यात १९८५–९० या काळात झाले. सर्व प्राथमिक केंद्रांतील डॉक्टरांचे प्रशिक्षण, प्रत्येक केंद्रात औषधांचा साठा, साधी नोंदवही आणि जिल्हा पथकाकडून होणारा मासिक आढावा ही तेथील योजनेची अंगे होती. बळ्ळारीच्या नमुन्यावर १९९६ मध्ये चार जिल्ह्यांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे तो देशभर विस्तारत गेला. बुलढाण्यासह महाराष्ट्रातील सर्व जिल्हे आता या कार्यक्रमाखाली येतात. मात्र विस्ताराबरोबर मूळ नमुन्यातील मासिक आढावा हा सर्वांत कष्टाचा व सर्वांत निर्णायक भाग क्षीण होत गेला. डॉक्टरांचे दोनतीन दिवसांचे प्रशिक्षण झाले, भिंतीवर तक्ते लागले. परंतु प्रशिक्षित डॉक्टरची बदली झाल्यावर त्याच्या जागी आलेल्यास कोणी शिकविले नाही. सुरुवातीच्या योजनेत केंद्राचे साहाय्य पाच वर्षांपुरते होते व नंतरचा भार राज्याने उचलावयाचा होता. या सांध्यावर अनेक जिल्ह्यांतील काम विस्कळीत झाले.

बुलढाणा जिल्ह्यातील परिस्थिती : जिल्ह्याचे क्षेत्रफळ सु. ९,६६० चौ. किमी., तालुके १३ आणि लोकसंख्या २५,८६,२५८ (२०११) असून सु. चारपंचमांश लोक ग्रामीण भागात राहतात. लोकव्यवहारात जिल्ह्याचे ‘घाटावरचा’ व ‘घाटाखालचा’ असे दोन भाग मानले जातात. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा हे तालुके पठारावर येतात. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव-जामोद, संग्रामपूर ही पूर्णा खोऱ्यातील सखल भूमी होय. सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव-जामोद व संग्रामपूर तालुक्यांत आदिवासी वस्त्या आहेत. जिल्ह्याचे ठिकाण घाटावर असल्यामुळे सातपुड्यालगतच्या रुग्णास जिल्हा रुग्णालयात येण्यासाठी एक दिवसाची मजुरी व सोबत येणाऱ्या नातलगाचीही मजुरी गमवावी लागते. छिन्नमानसाचे औषध वर्षानुवर्षे घ्यावे लागते, हे लक्षात घेता असा प्रवास दरमहा करणे फारच थोड्या कुटुंबांना परवडते.

प्रशासकीय रचनेतील एक बाब येथे सांगणे आवश्यक आहे. कारण एकीकरणाच्या चर्चेत तिचा उल्लेख क्वचितच होतो. महाराष्ट्रात उपकेंद्रे व प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत, जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे असतात. ग्रामीण रुग्णालये, उपजिल्हा रुग्णालये व जिल्हा रुग्णालय ही राज्यशासनाची असून ती जिल्हा शल्यचिकित्सकाकडे असतात. मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक जिल्हा रुग्णालयाशी संलग्न असते. म्हणजे ज्याने शिकवावयाचे तो एका कार्यालयाचा आणि ज्याने शिकून काम करावयाचे तो दुसऱ्या कार्यालयाचा. एखाद्या केंद्रातील औषध संपले तर त्याची मागणी कोणत्या वाटेने जावी, येथपासून संदिग्धता सुरू होते. दोन्ही अधिकाऱ्यांचे सहकार्य असेल तेथे काम चालते आणि त्यांपैकी एकाची बदली झाली की ते थांबते, असा अनुभव अनेक ठिकाणचा आहे. हा दोष व्यक्तींचा नसून रचनेचा होय.

औषधे व पाठपुरावा : प्राथमिक केंद्रास लागणाऱ्या औषधांची यादी लहान असते. छिन्नमानसासाठी रिस्पेरिडोन वा तत्सम एखादे औषध, नियमित गोळ्या न घेणाऱ्यांसाठी दोन ते चार आठवड्यांनी द्यावयाचे फ्लुफेनाझिनाचे इंजेक्शन, औषधामुळे येणारा ताठरपणा व कंप कमी करणारे ट्रायहेक्झिफेनिडिल, अवसादासाठी फ्लुओक्सेटिन किंवा ॲमिट्रिप्टिलीन आणि अपस्मारासाठी फेनोबार्बिटोन, फेनिटॉइन किंवा व्हॅल्प्रोएट एवढ्यावर बहुसंख्य रुग्णांचे भागते. ही औषधे महाग नाहीत. अडचण किंमतीची नसून सातत्याची असते. रक्तदाबाची गोळी दोन आठवडे चुकली तर रुग्णास सहसा काही जाणवत नाही. छिन्नमानसाच्या रुग्णाचे औषध दोन महिने खंडित झाले, तर तो पुन्हा रात्री जागू लागतो, संशय घेऊ लागतो, घर सोडून जातो. त्याच्या घरचे लोक मग असा निष्कर्ष काढतात की, औषधाचा उपयोग झाला नाही. प्रत्यक्षात साठा संपलेला असतो. अशा एका खंडामुळे गावातील इतर पाचसहा कुटुंबांचाही उपचारावरील विश्वास उडतो.

स्थानिक परिस्थितीमुळे औषधांची निवडही बदलते. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात भूजल क्षारयुक्त असून या भागात मूत्रपिंडाच्या विकारांच्या तक्रारी मोठ्या प्रमाणावर आहेत. उद्दीपन-अवसाद चित्तविकृतीवरील लिथियम हे गुणकारी औषध मूत्रपिंडावाटेच शरीराबाहेर टाकले जाते आणि त्याची रक्तातील पातळी वेळोवेळी तपासावी लागते; म्हणून शेगाव वा संग्रामपूरकडील रुग्णास ते देताना विशेष दक्षता हवी. त्याऐवजी व्हॅल्प्रोएट द्यावे, तर त्यामुळे गर्भात व्यंग निर्माण होण्याचा धोका असल्याने तरुण विवाहित स्त्रियांना ते टाळावे लागते. अशा निवडीच्या वेळी प्राथमिक केंद्राच्या डॉक्टरला तज्ज्ञाशी तत्काळ बोलता आले पाहिजे. एकीकरणात तज्ज्ञाचे खरे काम हे आहे. शंभर रुग्णांची रांग एका दुपारी उरकणे हे नव्हे.

आरंभ कोणत्या विकारापासून करावा, याविषयी अनुभवी कार्यकर्त्यांचा कल अपस्माराकडे असतो. शास्त्रीय दृष्ट्या तो मेंदूचा विकार असून मनोविकार नव्हे. तरीही भारतातील ग्रामीण प्रयोगांत त्याचा समावेश जाणीवपूर्वक केला गेला. हजारी सु. पाच रुग्ण या प्रमाणात आढळणारे फेफरे स्वस्त गोळीने थोड्याच आठवड्यांत आटोक्यात येते आणि ते सर्व गावास दिसते. ज्या मुलीचे लग्न फेफऱ्यामुळे अडले होते तिचे झटके थांबले की, त्याच केंद्रात ‘डोक्यावर परिणाम झालेल्या’ माणसासही नेऊन पाहावे, असे लोकांना वाटू लागते.

श्रद्धास्थाने : बुलढाणा तालुक्यातील पिंपळगाव सराई जवळील सैलानी बाबांचा दर्गा महाराष्ट्राबाहेरही प्रसिद्ध आहे. होळीच्या सुमारास तेथे मोठी यात्रा भरते. नारळांची होळी पेटविली जाते व पुढे संदल निघतो. हिंदू व मुस्लिम दोन्ही समाजांतील लोक येथे येतात. भूतबाधा, करणी किंवा ‘बाहेरचे’ झाले आहे अशी समजूत असलेल्या व्यक्तींना येथे आणण्याची जुनी रूढी आहे. त्यांत छिन्नमानस, उद्दीपन, अपस्मार यांचे रुग्ण असतात. तसेच घरातील असह्य ताणामुळे अंगात येणाऱ्या स्त्रियाही असतात. काही कुटुंबे महिनोन्‌महिने परिसरात मुक्काम करतात.

या रूढीकडे निव्वळ अज्ञान म्हणून पाहणे सोपे आहे. परंतु त्यातून काही साध्य होत नाही. दर्ग्यात आलेल्या कुटुंबास कोणी रांगेत उभे करून चिठ्ठी मागत नाही, रुग्ण वेडा आहे असा शिक्काही मारत नाही. दोष बाहेरच्या शक्तीचा ठरल्याने घराची अब्रू राखली जाते आणि तशाच दुःखातून जाणारी दुसरी माणसे भेटतात. अंगात येण्यासारख्या काही अवस्थांत या वातावरणाने आरामही पडतो. मात्र तीव्र छिन्नमानसात उपचाराविना गेलेला काळ जितका मोठा, तितकी सुधारणा कठीण होते. घरच्यांची जमीन गहाण पडेपर्यंत एका स्थानाहून दुसऱ्या स्थानी फिरण्यात गेलेली पहिली दोनतीन वर्षे हीच उपचारास सर्वांत अनुकूल वर्षे असतात.

साखळदंडाचा प्रश्न निराळा आहे. त्यात तडजोडीला वाव नाही. तमिळनाडूतील एरवाडी येथील दर्ग्याच्या परिसरातील खाजगी आश्रयगृहास ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली तेव्हा साखळ्यांनी बांधलेले रुग्ण पळू शकले नाहीत व २८ जण मृत्यू पावले. या घटनेनंतर सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नात लक्ष घातले. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी अधिनियमानुसार भूत उतरविण्याच्या मिषाने बांधून ठेवणे, मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे इ. कृत्ये गुन्हा ठरतात. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ९५ नेही मनोरुग्णास कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. तथापि खेड्यातील घरात मुलाला खांबाला बांधणारे वृद्ध आईबाप बहुधा क्रूर नसतात. तो विहिरीत उडी घेईल या भीतीने ते तसे करतात. त्यांच्यावर नोटीस बजावण्याआधी जवळच्या केंद्रात औषध उपलब्ध असले पाहिजे. उत्तर गुजरातमधील उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात ‘दवा व दुआ’ या सूत्राने मुजावरांच्या सहकार्याने मनोविकारतज्ज्ञाचा दवाखाना चालविण्यात आला. यात्रास्थानाशी वैर न धरता तेथेच उपचाराची वाट खुली करण्याचा तो एक व्यवहार्य नमुना मानला जातो.

शेतकरी-आत्महत्या व मानसिक आरोग्य : अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशिम, वर्धा व बुलढाणा हे विदर्भातील सहा जिल्हे शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशभर चर्चेत आले. २००६ मध्ये केंद्र शासनाने त्यांच्यासाठी ३,७५० कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले. त्याचा भर सिंचन, कर्जावरील व्याजाची माफी, बियाणे व जोडधंदे यांवर होता. मानसिक आरोग्याचा विचार पुढे, २०१५ मध्ये, राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने ‘प्रेरणा प्रकल्प’ या नावाने केला. मराठवाड्यातील आठ व विदर्भातील वरील सहा अशा १४ जिल्ह्यांत तो सुरू झाला. आशा स्वयंसेविकांनी (गावातीलच, कामागणिक मोबदला मिळणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्या) घरोघर जाऊन ठराविक प्रश्नावलीच्या आधारे ताणग्रस्त व्यक्ती शोधाव्यात, सौम्य स्थितीतील व्यक्तीस धीर द्यावा आणि तीव्र स्थितीतील व्यक्तीस समुपदेशक व मनोविकारतज्ज्ञ यांच्याकडे पोहोचवावे, अशी त्याची योजना आहे. १०४ क्रमांकाच्या दूरध्वनी सेवेचीही त्यास जोड देण्यात आली.

या उपक्रमावर एक आक्षेप घेतला जातो : कापूस-सोयाबीनचा भाव, नापिकी व सावकारी कर्ज यांनी पिचलेल्या माणसास समुपदेशन करणे म्हणजे आर्थिक प्रश्नाचे वैद्यकीयीकरण होय. आक्षेपात तथ्य आहे. पतपुरवठ्याची जागा गोळी घेऊ शकत नाही. परंतु सारख्याच कर्जाखाली असलेल्या शंभर शेतकऱ्यांपैकी बहुसंख्य जगण्याची वाट काढतात. जे काढू शकत नाहीत त्यांच्यात अवसाद, मद्यासक्ती व पूर्वीचा आत्महत्येचा प्रयत्न यांचे प्रमाण अधिक असते. या गोष्टी ओळखता येतात व त्यांवर उपचार होऊ शकतात. प्राथमिक केंद्रात तर ही संधी स्वतःहून चालून येते. कीटकनाशक प्यायलेला रुग्ण अनेकदा प्रथम तेथेच आणला जातो, ॲट्रोपीन देऊन पुढे पाठविला जातो, पोलिसांकडे नोंद होते आणि तो वाचून घरी परतल्यावर त्याच्याशी कोणी त्या विषयावर बोलत नाही. वास्तविक, त्यानंतरचे काही महिने पुन्हा प्रयत्न होण्याच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचे असतात. कीटकनाशक घरात हाताशी नसणे हीदेखील मोठी गोष्ट आहे. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातल्यावर तेथील आत्महत्यांचे प्रमाण १९९५ नंतर निम्म्याहून खाली आले.

समुपदेशनाचा उपयोग होतो काय, या प्रश्नाचे बरेचसे उत्तर गोवा व अमरावती येथून मिळते. ‘संगत’ या गोव्यातील संस्थेने केलेल्या व २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मानस’ या चाचणीत, वैद्यकीय पार्श्वभूमी नसलेल्या स्थानिक स्त्रियांना प्रशिक्षण देऊन प्राथमिक केंद्रांत समुपदेशक म्हणून नेमले. शासकीय केंद्रांत अवसाद-चिंतेच्या रुग्णांपैकी सहा महिन्यांनी ६५.९ टक्के बरे झाले. नेहमीच्या पद्धतीने उपचार होणाऱ्या केंद्रांत हे प्रमाण ४२.५ टक्के होते. खाजगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत राबविलेल्या ‘विश्राम’ या कार्यक्रमात अवसाद असलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले आणि गेल्या वर्षभरात आत्महत्येचे विचार आलेल्यांचे प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले. या अभ्यासात तुलनेसाठी कार्यक्रमाविना ठेवलेली गावे नव्हती. त्यामुळे सर्व श्रेय कार्यक्रमास देणे योग्य होणार नाही. तरीही पीक, बाजार व भाषा या सर्वच दृष्टींनी बुलढाण्याशी साम्य असलेल्या मुलखातील हा अनुभव असल्याने त्याचे महत्त्व आहे. या समुपदेशनात गूढ असे काही नसते. अवसादामुळे माणूस शेतावर जाणे, पारावर बसणे, मुलांशी बोलणे अशी जी कामे सोडतो, त्यांपैकी एखादे छोटे काम ठरवून पुन्हा सुरू करावयास लावणे, ही त्यातील एक मुख्य रीत होय. नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्यात ४१ गावांत २०१३–१५ या काळात चाललेल्या ‘आत्मीयता’ प्रकल्पात तर हे काम गावकऱ्यांमधील विश्वासू स्त्री-पुरुषांनीच केले.

आशा स्वयंसेविकेवरील भार हा यातील दुबळा दुवा आहे. लसीकरण, गरोदर मातांची नोंद, क्षय व कुष्ठरोग शोधमोहीम यांच्या जोडीला मनःस्वास्थ्याची प्रश्नावली आली की, ती भरण्यापुरती भरली जाते. शिवाय ती गावातीलच असल्याने ‘तुमच्या मनात मरणाचे विचार येतात काय’ हा प्रश्न चुलतसासऱ्याला विचारणे तिला अवघड जाते आणि तिला दिलेले उत्तर गावात फुटेल, ही भीती उत्तर देणाऱ्यास असते. याउलट बाळंतिणीच्या घरी होणाऱ्या भेटीत तिचे काम सहज साधते. झोप न येणारी, बाळाकडे न पाहणारी, असंबद्ध बोलणारी बाळंतीण तिच्या लगेच ध्यानात येते. आणि प्रसूतीनंतरच्या मनोविकृतीत काही दिवसांचा उशीरही माता व बाळ या दोघांच्या जिवावर बेतू शकतो.

कायदा व अलीकडील घडामोडी : १९८७ च्या मानसिक आरोग्य अधिनियमाचा भर रुग्णालयांच्या नियमनावर होता. २९ मे २०१८ पासून अंमलात आलेल्या २०१७ च्या अधिनियमाने शासकीय खर्चाने चालणारी मानसिक आरोग्यसेवा मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरविला (कलम १८) आणि ही सेवा प्राथमिक स्तरापासून सर्वसाधारण आरोग्यसेवेत समाविष्ट करण्याचे बंधन शासनावर घातले. सर्व शासकीय वैद्यकीय अधिकाऱ्यांना मूलभूत व तातडीच्या मानसोपचाराचे प्रशिक्षण देणेही त्यात बंधनकारक आहे. तातडीच्या प्रसंगी कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत मनोरुग्णावर उपचार करू शकतो (कलम ९४); ही तरतूद प्राथमिक केंद्राच्या दृष्टीने फार मोलाची आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षेपासून संरक्षण देण्यात आले (कलम ११५). पुढे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येचा प्रयत्न हा सर्वसाधारण गुन्हा म्हणून उरला नाही. जिवंत राहिलेल्या रुग्णाने खरे कारण लपवून ‘चुकून प्यालो’ असे सांगण्याची गरज त्यामुळे कमी व्हावयास हवी.

२०१८ नंतर उपकेंद्रांचे रूपांतर आरोग्यवर्धिनी केंद्रांत (२०२३ पासून आयुष्मान आरोग्य मंदिर) होऊन तेथे समुदाय आरोग्य अधिकारी नेमले जाऊ लागले. त्यांच्या विस्तारित सेवांत मानसिक आरोग्याचा समावेश आहे. त्यामुळे औषधाचे ठिकाण प्राथमिक केंद्राहूनही जवळ, सु. ५,००० लोकवस्तीच्या टापूत, येऊ शकते. १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेलि-मानस’ ही १४४१६ क्रमांकाची देशव्यापी दूरध्वनी सेवा सुरू झाली. ती रात्रीबेरात्री धीर देऊ शकते. मात्र इंजेक्शन देण्यासाठी व पुढच्या महिन्यात रुग्ण का आला नाही हे पाहण्यासाठी गावात माणूसच लागतो. २०२४ मध्ये बुलढाणा येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयास प्रारंभ झाला. महाविद्यालयास मनोविकारविज्ञान विभाग असावा लागतो. त्यामुळे जिल्ह्यास अध्यापक-तज्ज्ञ मिळतील आणि प्राथमिक केंद्रांच्या डॉक्टरांना दरमहा शिकविण्याचे, बळ्ळारीनंतर मागे पडलेले काम त्यांच्याकडे सोपविता येईल. अर्थात भारतातील वैद्यकीय पदवी अभ्यासक्रमाच्या अंतिम परीक्षेत मनोविकारविज्ञानाची स्वतंत्र प्रश्नपत्रिका नाही. ज्या विषयाची परीक्षा वेगळी होत नाही त्याकडे विद्यार्थी किती लक्ष देतात, हे अध्यापकांस ठाऊक असते, आणि याच विद्यार्थ्यांपैकी काही जण पुढे मोताळा किंवा संग्रामपूर तालुक्यातील एखाद्या केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू होतात.